हाडं गेली, गोणी आली

शहादा तालुक्यात तापीकाठी विहीर खणायला घेतली की मुरूम लागण्याआधी पुरुषभर तरी काळी माती उपसावी लागते. बाहेरगावचा माणूस ही माती मुठीत घेऊन म्हणतो, इथं खत कशाला लागतं? कृषी सहायक म्हणून शहादा, तळोदा आणि शेवटी धडगाव अशी नोकरी झालेल्या माझ्यासारख्याला याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. एका हेक्टरातल्या वरच्या वीतभर मातीचं वजन साधारण 22 लाख किलो भरतं. तिच्यात स्फुरद, म्हणजे गोणीवरच्या तीन आकड्यांतला मधला आकडा ज्याचा असतो ते, शेकड्यांनी किलो असतं. पण मुळाच्या हाती लागेल असं त्यातलं दहा, पंधरा, फार तर वीस-पंचवीस किलो. बाकीचं मातीतल्या चुनखडीला धरून बसलेलं. आमच्याकडचा या खताचा सगळा इतिहास मला या एकाच गोष्टीशी येऊन थांबलेला दिसतो. माल रानातच आहे, आणि आपण तो दरवर्षी पैसे मोजून पुन्हा आणतो.

नंदुरबार हा जिल्हा 1 जुलै 1998 चा. त्याआधी आम्ही धुळ्याचे, आणि त्याच्याही आधी पश्चिम खानदेशचे. गोणी येण्यापूर्वी इथल्या रानाला स्फुरद कुठून मिळायचं? एक तर उकिरड्यातून. पण शेणाचा मोठा वाटा गोवऱ्या होऊन चुलीत जाई, आणि चुलीतली राख दारच्या परसात. दुसरा मार्ग मेंढरांचा. साक्री-नंदुरबारच्या माळावरचे ठेलारी मेंढपाळ आपले वाडे घेऊन हिंडायचे. खरिपाचं रान मोकळं झालं की शेतकरी त्यांना गाठून सांगायचे, आमच्या पट्टीत चार रात्री बसवा. मोबदला धान्यात, वर चहा-गूळ. ठेलारी वाघूर, म्हणजे जाळं, लावून मेंढरं एका जागी कोंडायचा आणि दुसऱ्या रात्री वाघूर पुढे सरकवायचा, म्हणजे सगळ्या पट्टीत लेंड्या आणि मूत सारखं पडे. वरवर हे साधं दिसतं. पण मेंढरू दिवसभर चरतं माळावर आणि गायरानात, आणि रात्री बसतं कुणाच्या तरी काळ्या रानात. माळावरचं स्फुरद पाटलाच्या शेतात आणून टाकायची ती पद्धत होती. माळाला त्याचं कुणी काही दिलं नाही. ठेलारी अजून येतात, आता रोख मागतात, आणि माझ्या मते त्यांचा दर स्वस्तच आहे.

नवापूरकडे पाऊस जास्त, भात जास्त. तिथले मावची आणि कोकणी शेतकरी रोपाच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, डहाळ्या, वर माती असा थर रचून उन्हाळ्यात तो पेटवायचे. याला राब भाजणं म्हणतात. राखेतून चुना, पालाश आणि थोडं स्फुरद रोपाला लगेच मिळतं आणि तणाचं बी जळून जातं. राबासाठी डहाळ्या तोडण्यावरून सरकारचं वनखातं आणि शेतकरी यांच्यात इतकी भांडणं झाली की ठाणे-कुलाब्याच्या बाबतीत 1885 ते 1887 मध्ये मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. झाडावरचं खत कुणाचं, हा वाद गोणीवरच्या वादाहून जुना आहे.

याच काळात देशातून स्फुरद बाहेर चाललं होतं, आणि तेही हाडांच्या रूपात. इंग्लंडात जॉन बेनेट लॉज या जमीनदारानं रोथॅमस्टेडच्या आपल्या शेतावर हाडांवर गंधकाम्ल ओतून पाहिलं, 1842 साली त्याचं पेटंट घेतलं आणि सुपरफॉस्फेट नावानं विकायला सुरुवात केली. हाडातलं स्फुरद पाण्यात विरघळत नाही, आम्लानं ते विरघळणारं होतं, एवढीच त्यातली युक्ती. मग हाडांची भूक सुटली. इंग्लंड युरोपातल्या रणांगणांवरची हाडंसुद्धा उकरून नेतं, असा आरोप खुद्द लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं केला होता. हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करायला डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर 1889 च्या अखेरीस इथं आले. त्यांच्या 1893 च्या अहवालात हाडांच्या आणि तेलबियांच्या निर्यातीचा विषय आहे. बी परदेशी गेलं की पेंड गेली, आणि पेंडीबरोबर जमिनीचा कस गेला.

एकोणिसावं शतक संपता संपता सुरतेहून तापी व्हॅली रेल्वे नंदुरबारवरून अंमळनेरपर्यंत आली. बरोबर त्याच सुमाराला 1899-1900 चा दुष्काळ पडला. संवत 1956 मधला म्हणून त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात. गुरं चाऱ्यावाचून पटापट मेली. आमचे आजोबा त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं सांगत, की गावाबाहेरच्या हाडकीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि पुढे कित्येक उन्हाळे वेचणारे येऊन हाडं पोत्यात भरून स्टेशनकडे नेत होते. हिंदू शेतकरी हाडाची भुकटी रानात टाकायला धजत नसे, त्यामुळे ती गेली याचं कुणाला फारसं वाईटही वाटलं नाही. मेलेलं ढोर ओढायचं काम महार समाजाच्या माथी मारलेलं होतं. मार्च 1927 च्या महाड परिषदेनंतर ते सोडून द्यायची चळवळ उभी राहिली, तेव्हा कातड्याचं आणि हाडांचं नुकसान होईल असा हिशेब त्यांना ऐकवणारे पुष्कळ निघाले. ज्या हाडांना गाव शिवत नव्हतं, त्यांच्या किमतीची आठवण तेव्हा बरी झाली.

पुढे हाडांची जागा खडकानं घेतली. फॉस्फेटचा खडक दळायचा, त्यात गंधकाम्ल मिसळायचं आणि ढीग काही आठवडे मुरू द्यायचा. आपल्या देशात हा माल प्रथम 1906 साली मद्रास इलाख्यात राणीपेटला तयार झाला. मुंबईजवळ 1919 साली धरमसी मोरारजी केमिकल कंपनी निघाली आणि अंबरनाथला गंधकाम्ल आणि सुपर दोन्ही होऊ लागलं. खडक मात्र बहुतेक बाहेरचा. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याचा मोठा साठा 1968 साली सापडला, पण देशाची गरज त्यानं भागली नाही. जगातल्या साठ्यांपैकी जवळजवळ सत्तर टक्के एकट्या मोरोक्कोकडे आहेत. आपला दख्खनचा काळा पाषाण एवढा मैलोन्मैल पसरलेला, पण खत करावं असं त्यात काही नाही.

आमच्या गावात सुपर आलं ते ग्रामसेवकाच्या हातून. 2 ऑक्टोबर 1952 ला समुदाय विकास योजना सुरू झाली आणि नंतर गावोगाव ग्रामसेवक फिरू लागले. नवापूरकडे भाताच्या जपानी पद्धतीचा बोलबाला होता, आमच्याकडे ज्वारी-कापसाला खत टाकून दाखवायचे प्रयोग. आमचे आबा सांगत की ती राखाडी भुकटी ज्यूटच्या गोणीत यायची आणि तिला आंबूस वास असायचा. भुकटीत थोडं मोकळं आम्ल उरलेलं असतं, ते गोणपाट खातं. सोसायटीच्या गोदामात दोन महिने पडलेली गोणी हमालानं पाठीवर घ्यायला उचलली की वरचं तोंड हातात आणि बूड जमिनीवर. आत भुकटीचा दगड झालेला असे, तो मोगरीनं फोडून चाळून घ्यायचा. विकास सोसायटीच्या पीककर्जात थोडी रोकड आणि थोडं खत अशी वाटणी असे, म्हणून नको असलं तरी ते घरी येई. आबांनी पहिल्या वर्षी ते शेणखतासारखं रानभर फेकलं. काही दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी गावात कुणीच घेतलं नाही.

आता हे खत फेकून का चालत नाही, तेच सांगायचं आहे. युरिया पाण्याबरोबर मातीत हिंडतो. स्फुरद हिंडत नाही, जिथं पडलं तिथून बोट-दोन बोटांपलीकडे जात नाही. आमच्या जमिनीत चुनखडी भरपूर, सामू आठच्या आसपास. विरघळलेलं स्फुरद मातीला लागलं की काही दिवसांत चुन्याशी जुळतं आणि पुन्हा न विरघळणारं होऊन बसतं. म्हणजे कारखान्यात आम्ल ओतून जे सोडवलं, ते आमची माती परत बांधते. जितका दाणा मातीत विखरून मिसळेल तितकं हे लवकर होतं. म्हणून ते पट्ट्यानं द्यायचं, बियाण्याच्या जवळ पण त्याला न चिकटता, थोडं खाली आणि बाजूला.

त्यासाठी दोन चाड्यांची पाभर आली. आमच्या भागात शेतीला जर कुठल्या एका अवजारानं वळण दिलं असेल तर ते हिनं, असं माझं मत आहे. ट्रॅक्टरचं कौतुक सगळे करतात, हिचं कुणी करत नाही. नेहमीच्या पाभरीला एक चाडं, त्यातून बी फणांत उतरतं. हिला मागे-पुढे दोन चाडी. पुढच्या चाड्यात खत, त्याच्या नळ्या पुढच्या फणांत, आणि ते फण बोटभर जास्त खोल जाणारे. मागच्या चाड्यात बी. खत आधी पडतं, त्यावर थोडी माती ढासळते, आणि मग बी. पाठीमागे दोन बाया चालतात, एकीच्या ओटीत बी आणि दुसरीच्या ओटीत खत. बियाणं सोडणाऱ्या बाईचा हात गावात नावाजलेला असे. खत सोडणारीचं काम त्याहून अवघड, कारण दमट हवेत सुपरची भुकटी चाड्याच्या भोकाला चिकटून राहते आणि एखादं तास कोरडं जातं. ते कळतं महिन्यानं, पिकाच्या ओळी पाहून. लोखंडी नळ्या सुपरनं गंजायच्या म्हणून आमच्याकडच्या सुतारानं खताच्या नळ्या वेळूच्याच ठेवल्या होत्या.

तरीही पहिल्या हंगामात पीक दिलेल्या खतातलं पंधरा-वीस टक्केच उचलतं. सारंगखेड्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला बांधावर विचारलं होतं, "साहेब, टाकं ते टाकं, पन गयं कोठे?" याहून नेमका प्रश्न मी कुठल्याही प्रशिक्षणात ऐकला नाही. त्याचं उत्तर रोथॅमस्टेडलाच मिळतं. तिथं एक्झॉशन लँड म्हणून एक तुकडा आहे. एकोणिसाव्या शतकात त्याच्या काही वाफ्यांना भरपूर स्फुरद दिलं आणि 1901 पासून खत बंद केलं. त्यानंतर कित्येक दशकं त्या वाफ्यांत शेजारच्या उपाशी वाफ्यांपेक्षा बार्ली जास्त येत राहिली. कुठेही गेलेलं नव्हतं. मातीत बसून होतं आणि थोडं थोडं सुटत होतं.

खरी उलथापालथ 1967 ते 1975 या आठ वर्षांत झाली, आणि ती पश्चिमेकडून आली. बडोद्याला गुजरात स्टेट फर्टिलायझर्सनं 1967 मध्ये डीएपी हे दाणेदार खत काढायला सुरुवात केली. 1970 मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून सी. टी. पटेल यांचा संकर-4 कापूस आला, व्यापारी लागवडीसाठी दिलेला जगातला पहिला संकरित कापूस. सुरत आमच्यापासून एका रेल्वेच्या अंतरावर. संकर-4 ला पाणी हवं, खत हवं, मजूर हवेत. तापीवर पाणी उचलायला पंप बसले, आणि मग पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यामुळे ऊसही वाढला. हाडं ज्या रुळांवरून गेली, त्याच रुळांवरून गोण्या आल्या.

डीएपी जिंकलं ते कशामुळे, हे मला दुकानात नाही, गोदामात कळलं. सुपरमध्ये स्फुरद सोळा टक्के, पन्नास किलोच्या गोणीत आठ किलो. डीएपी म्हणजे अठरा-सेहेचाळीस, एका गोणीत तेवीस किलो स्फुरद आणि वर नऊ किलो नत्र. तीन गोण्या सुपरच्या की एक गोणी डीएपीची? बैलगाडीवाला, हमाल, सोसायटीचा सचिव, सगळ्यांचं उत्तर एकच. तीन गोण्या सुपरबरोबर साडेसोळा किलो गंधक फुकट मिळत होतं, आणि आमच्या सोयाबीन-भुईमुगाला, मिरचीला ते हवंही असतं. पण गंधकाचा आकडा गोणीवर ठळक नसायचा. शिवाय डीएपीचा दाणा गुळगुळीत, चाड्यातून मोत्यासारखा सुटणारा.

ही गोणी कुणाच्या रानात रिकामी झाली, हेही लिहायला हवं. तापीकाठच्या बागायती जमिनी तोवर गुजर-पाटील घरांकडे एकवटल्या होत्या, आणि त्यातल्या पुष्कळ पूर्वी भिलांच्या होत्या. खत डोबायला, पाणी धरायला भिल सालदार, वर्षाच्या बोलीवर. कापसाचं उत्पन्न वाढलं, साल तेवढं वाढलं नाही. भिल नेते अंबरसिंग सुरतवंती यांचा आवाज इथूनच उठला आणि 1972 मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. मागण्या जमिनीच्या आणि मजुरीच्या होत्या, खताच्या नव्हत्या. पण भरलेली गोणी ज्याच्या पाठीवर आणि पीक दुसऱ्याच्या खळ्यात, हे चित्र त्या मागण्यांच्या मागे होतंच. आमचंही घर त्या काळात सालदार ठेवणारं होतं, म्हणून हे लिहिताना मी बाजूला उभा राहून बोलत नाही.

भावाचा खेळ सुरू झाला तो 25 ऑगस्ट 1992 ला. गुरुपादस्वामी समितीच्या शिफारशीनंतर सरकारनं स्फुरद आणि पालाशाच्या खतांवरचं नियंत्रण उठवलं. युरियावरचं ठेवलं, उलट त्याचा भाव दहा टक्क्यांनी उतरवला. डीएपी एकदम चढलं. शेतकऱ्यानं काय केलं? जे स्वस्त ते टाकलं. त्या वर्षांत हिरवागार, लुसलुशीत, मावा-तुडतुड्यांनी भरलेला कापूस मी जितका पाहिला तितका आधी पाहिला नव्हता. एप्रिल 2010 पासून अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आलं, त्यातूनही युरिया वगळलेलाच. मे 2021 मध्ये डीएपीची गोणी 1900 रुपयांवर जाणार म्हणून ओरड झाली, तेव्हा केंद्रानं गोणीमागचं अनुदान 500 वरून 1200 रुपये केलं आणि शेतकऱ्याचा भाव 1200 वर राखला. पुढे तो 1350 झाला. चीननं निर्यात आवळली की आमच्याकडे जूनमध्ये दुकानापुढे रांग लागते. शेतकरी मान्सूनबरोबर खताच्या रेल्वे रेकचीही वाट पाहतो. नंदुरबारला लागली की दोंडाईच्याला, किती टन, कुणाच्या वाट्याला किती. माल कमी असला की काही दुकानदार 'लिंकिंग' करतात, डीएपीच्या दोन गोण्यांबरोबर नको असलेली सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली गळ्यात मारतात. आता आधार आणि अंगठा लावून पॉस मशिनवर विक्री होते. तरी बाटली येतेच, फक्त तिची पावती वेगळी फाडतात.

टंचाई आली की नकली मालही येतो. ओळखायची एक रीत मी शेकडो लोकांना दाखवली आहे. डीएपीचे चार दाणे तळहातावर घ्यायचे, तंबाखूचा चुना लावायचा आणि तंबाखू मळतात तसं मळायचं. नाकाशी धरवणार नाही असा अमोनियाचा झणका आला पाहिजे. दुसरी रीत तव्यावरची. मंद आचेवर दाणे टाकले की खरे दाणे फुगतात. रंगावर जाऊ नये, रंग लावता येतो. ही परीक्षा नत्राची झाली, स्फुरद त्यातून कळत नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. ऐकणारा तेवढ्यात दुसरा तंबाखू मळत असतो.

धडगावला बदली झाली तेव्हा या सगळ्याला दुसरी बाजू दिसली. अक्राणीच्या उतारावर पावरा आणि भिल शेतकरी ज्वारी, मका, भगर, उडीद, तूर मिसळून पेरतात. रस्ता संपतो तिथून गोणी डोक्यावर. पन्नास किलो चढावर न्यायची असेल तर ती रास्त भावाची असूनही महाग पडते. कोंबड्या, शेळ्या, दोन-चार गुरं, आणि पडीक ठेवलेला तुकडा, यावर त्यांचं भागत होतं. उतारावरची माती मात्र पावसाळ्यात वाहून जाते, आणि चिकटून बसलेलं स्फुरद मातीबरोबरच जातं. तिथं मी खताआधी बांधाचं बोललो. शहाद्यात मात्र मातीत स्फुरद साचतं आहे. पपई, केळी, ऊस यांना बेसल डोसात दहा-सव्वीस-सव्वीस किंवा डीएपी, मग ठिबकमधून बारा-एकसष्ट, नंतर झिरो-बावन्न-चौतीस. साखर कारखान्याचं प्रेसमड वेगळंच, त्यातही स्फुरद असतं, ते कुणी हिशेबात धरत नाही. माती परीक्षणात हेक्टरी 14 किलोच्या खाली आलं तर कमी समजायचं आणि 28 च्या वर गेलं तर जास्त. जुन्या पपईच्या रानांतून आणलेल्या नमुन्यांना प्रयोगशाळेत निळा रंग इतका गडद चढतो की नळी उजेडासमोर धरावी लागते. आणि त्याच पपईचं पान पिवळं पडतं, कारण जास्त झालेलं स्फुरद जस्ताला मुळात येऊ देत नाही. मग शेतकरी झिंक सल्फेट आणतो.

स्फुरद विरघळवणारे जिवाणू, पीएसबी, यांची पाकिटं कृषी विद्यापीठाकडून आणि कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडून मिळतात. दहा किलो बियाण्याला पाव किलो, गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत सुकवून. अडकलेलं थोडं तरी सुटतं. पाकीट स्वस्त आहे म्हणूनच बहुधा त्याच्यावर विश्वास बसत नाही.

आमच्या स्वतःच्या तापीकाठच्या पट्टीचा नमुना गेल्या उन्हाळ्यात तपासून घेतला. स्फुरद 'जास्त'. मी मुलाला म्हटलं, या साली डीएपी नको, पीएसबी आणि थोडं प्रेसमड टाकू, पैसे ठिबकला लाव. त्यानं कागद नीट वाचला, मान डोलावली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन गोण्या आणून पडवीत ठेवल्या. विचारलं तर म्हणाला, "आबा, आत्ता रेक लागली आहे म्हणून मिळाली. जुलैत लागली आणि नसली, तर मी कुठं जाऊ?"

त्यातली एक गोणी त्यानं टाकली. दुसरी शेजारच्यानं उसनी नेली, त्याच्याही अहवालात 'जास्त'च आहे.